डावीकडे सरकलेल्या तारखा

आमच्या पीजींचा, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांचा, रिसर्च मेथडॉलॉजीचा तास दुपारी तीनला असतो. ओपीडी आटोपून, कसंबसं जेवून आलेली पोरं. ‘डेटा मॅनेजमेंट’ म्हटलं की निम्म्यांच्या पापण्या जड होतात. म्हणून हल्ली मी व्याख्यान देतच नाही. आपल्या थिसिसचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटची माहिती भरलेली एक्सेल फाइल, आणायचा, शेजाऱ्याला द्यायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. कुठल्या कॉलममध्ये काय आहे ते शेजारी सांगणार.

अट एकच: पेशंटची नावं, मोबाइल नंबर आधी काढायचे. दोघं-तिघं तिथेच अडकतात. स्टडी आयडी, म्हणजे नावाऐवजी वापरायचा नंबर, दिलेलाच नसतो, त्यामुळे नाव उडवलं की कुठली ओळ कुणाची ते त्यांनाही कळत नाही.

यंदा मेडिसिनच्या एकाची फाइल सर्जरीच्या मुलीकडे गेली. नाव ‘फायनल नवीन 3’. लिंगाच्या कॉलममध्ये ‘एम’, ‘मेल’ आणि मधूनच 1. एकाचं हिमोग्लोबिन 0.

“हा तर गेलाच असणार,” ती म्हणाली.

“नाही गं, रिपोर्ट आला नव्हता त्याचा!” मालकाला राहवलं नाही. तो शून्य सरासरीत मिसळला होता, हे सांगताना मात्र आवाज खाली गेला.

पुढे एक पेशंट 184 दिवस भरती. केसपेपरवर भरती 3 एप्रिल, डिस्चार्ज 9 एप्रिल. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन, त्यामुळे 3/4 म्हणजे 4 मार्च आणि 9/4 म्हणजे 4 सप्टेंबर. बरं, बाराच्या पुढच्या तारखांचं काय? तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्यांना तारीख मानतच नाही. साधा मजकूर समजून डावीकडे चिकटवतं. वजाबाकी केली की एरर. पठ्ठ्याने एररच्या ओळी खोडल्या होत्या. म्हणजे उरले कोण? भरती आणि डिस्चार्ज दोन्ही एक ते बारा तारखांत बसले, तेवढेच पेशंट! मला त्या 184 पेक्षा या खोडण्याची जास्त धास्ती वाटते. 184 निदान डोळ्यांत तरी खुपतं.

वर्ग खूप हसला. मग मी ‘मार्च1’ नावाच्या जनुकाची गोष्ट सांगितली. एक्सेल त्याची 1 मार्च करायचं. शेवटी 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नियमावली काढली, आणि एक्सेल नव्हे, जनुकच ‘मार्चएफ1’ झाला.

कोडबुक, म्हणजे कुठल्या आकड्याचा अर्थ काय याची नोंद, का लिहायचं, हे मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं. त्याला माझ्याच थिसिसचं सांगितलं. ‘ग्रुप’ कॉलममध्ये 1 आणि 2. बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याने तो डेटा मागितला; मी जुनी सीडी शोधली, फाइल उघडलीसुद्धा. तंबाखू खाणारे 1 होते की 2, काही केल्या आठवेना. पाठवली नाही.