मुरलेली चटणी

चटणी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे पाटा येतो, फार तर मिक्सरचं छोटं भांडं. पानं घेता घेता कुणाला तरी आठवतं, "अगं, चटणी राहिलीच!" आणि दहा मिनिटांत ती पानाच्या डाव्या बाजूला हजर. आयर्लंडमधल्या कॉर्कला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात शेजारच्या आजींनी कुंपणावरून पिशवीभर हिरवी, बेढब सफरचंदं दिली नि म्हणाल्या, "चटणी कर. नाताळपर्यंत होईल." माझ्या ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. (इथे ऐंशीच्या बाईलाही नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही, मनातल्या मनात मी आजीच म्हणतो.)

सफरचंदं ब्रॅमली जातीची. नुसती खाल्ली तर कैरीसारखे दात आंबतात, शिजवली की फुलून विरघळतात. उत्तरेकडच्या आर्मा परगण्यातल्या ब्रॅमलीला २०१२ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्यांचा हापूसच म्हणा, पण आंबट्टाण.

कृती आजींनी उभ्या उभ्या सांगितली. दीड किलो सफरचंदांना अर्धा किलो कांदे, तेवढीच ब्राऊन शुगर, दोन-तीन मुठी बेदाणे, आलं, मोहरी, मीठ आणि अर्ध्या लिटरहून जास्त माल्ट व्हिनेगर. मोहरी म्हटल्यावर माझा हात तेलाकडे गेला. पण फोडणी नाहीच, मोहरी कच्चीच टाकायची. मग मंद आचेवर दोन तास. पहिला तासभर स्वयंपाकघरात उभं राहवेना. व्हिनेगरच्या वाफेने डोळ्यांतून धारा, आणि खिडकी उघडावी तर पाऊस आत. हळूहळू दर्प निवळला, कांदे सफरचंदात दिसेनासे झाले, रंग काकवीवर आला. झाली कधी म्हणायची? लाकडी चमच्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढायची. व्हिनेगर धावत येऊन ती बुजवेनासं झालं की गॅस बंद.

त्या रेघेकडे बघताना आईची पाकाची तार आठवली आणि उलगडा झाला. साहेबाने नाव नेलं चटणीचं, पण जिन्नस मेथांब्याच्या माहेरचा आहे!

ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्यांत ती गरमागरम भरली. "आता प्रेसमध्ये ठेवून दे," आजी म्हणाल्या. चटणीला इस्त्री कशाला, या विचारात मी जरा वेळ उभाच. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात.

दोन आठवड्यांनी धीर सुटला. बरणी उघडली, चमचाभर चाखली, व्हिनेगरचा झणका थेट टाळूला. गुपचूप झाकण लावलं. मग सव्वीस डिसेंबरला, सेंट स्टीफनच्या दिवशी, आदल्या दिवशीच्या गार हॅमबरोबर आजींकडे तीच बरणी निघाली. चेडरचा जाड तुकडा, सोडा ब्रेड, वर ही चटणी. आंबट, गोड, आलं कुठलंच एकटं बोलत नव्हतं. मी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

बरण्या आजींच्याच होत्या. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. एकीत शेंगदाण्याची चटणी भरली, लसूण जरा बेतानेच घालून. आजींनी झाकण उघडून वास घेतला, बरणी हलवून पाहिली. त्या कोरड्या भुग्याला चटणी म्हणतात हे त्यांना पटलेलं दिसत नव्हतं. पण भिडेखातर विचारलं, "ही किती महिने ठेवायची?"