धूर नको, पाणी बघा: शेजारच्या बांधकामावरच्या अळ्यांचा माझा अनुभव

पणजीत आमच्या इमारतीला लागून नवं बांधकाम सुरू झालं आणि डास वाढले. सोसायटीच्या सभेत सगळ्यांची मागणी एकच, धुराची गाडी बोलवा. मी विरोध केला. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पाणी शोधायला लांब जावं लागलं नाही. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं आणि नव्या स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हावं म्हणून, छोटे बांध घालून पाणी धरलं होतं. पांढऱ्या मगात पाणी घेतलं की सगळं दिसतं. खड्ड्यातल्या अळ्या डोकं खाली करून तिरप्या लटकत होत्या. स्लॅबवरच्या मात्र पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडल्या होत्या. अशा आडव्या अळ्या अ‍ॅनोफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या जातीच्या.

तोच मग घेऊन साइटच्या सुपरवायझरकडे गेलो. मजुरांची कुटुंबं तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. ताप आला तर आधी त्यांच्या पोरांना येणार होता. हे बोलल्यावर तो ऐकू लागला. परक्या जागेत आपण परस्पर फवारू शकत नाही, म्हणून त्याला सोबत घेऊनच आरोग्य केंद्रात गेलो आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी बीटीआय फवारायचं कबूल केलं.

बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांमधून तो सापडला. त्याच्या पेशीत प्रथिनांचे स्फटिक असतात. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि साधारण दिवसभरात अळी मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ते विष जिथे चिकटतं त्या जागाही नसतात. मासे, बेडूक, मधमाश्या यांनाही त्याचा त्रास नाही. गोव्याला हे नवं नाही. १९९०च्या दशकात मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी इथेच बीटीआय आणि अळ्या खाणारे स्थानिक मासे वापरून प्रयोग केले होते.

कर्मचाऱ्यांनी पाकिटावरच्या प्रमाणात बीटीआयची पावडर पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून पंपाने मारली. दुसऱ्या दिवशी खड्ड्यातल्या मगभर पाण्यात काळपट, ताणलेल्या मेलेल्या अळ्या होत्या. पण मधूनच स्वल्पविरामासारखं काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. सुपरवायझर वैतागला, "साहेब, हे औषध बोगस आहे!" ते कोष होते, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्था. कोष काही खात नाही, मग जिवाणू त्याच्या पोटात जाणार कसा? एक-दोन दिवसांत त्यातून डास निघणारच. बीटीआयवरचा लोकांचा विश्वास बहुतेक इथेच उडतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवायला हवं.

दुसरी अडचण स्लॅबवर. पावडर हळूहळू तळाला बसते आणि अ‍ॅनोफिलीसची अळी वरच्या थरातलं खाते, त्यामुळे तिथे असर लवकर ओसरला. फवारणी दर आठवड्याला करावी लागली. गढूळ, घाण पाण्यातही मात्रा वाढवावी लागते, कारण कचऱ्याला चिकटून औषध वाया जातं.

शेवटी स्लॅबवर पाणी धरण्याऐवजी ओली गोणपाटं अंथरायला सुपरवायझर तयार झाला. क्युरिंगही होतं आणि अळ्यांना पोहायला जागा उरत नाही. खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसायचं ठरलं. पावसात पुन्हा साचेल तेवढ्यापुरती बीटीआयची फवारणी चालू आहे. आमच्या गच्चीवरच्या टाक्यांना मात्र औषध नाही. झाकणं घट्ट बसवली, ओव्हरफ्लोच्या पाइपांना बारीक जाळी बांधली आणि मग घेऊन तपासायची पाळी मजल्यागणिक लावून दिली.