सासूबाईंच्या खाटेखालचा अॅडमिरल

सासूबाई नव्वदीच्या पुढे गेल्या. इथे इंदूरला, रामबागेतल्या घरात, दुपारी शेव-मुरमुरे खाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. "वॉल्टेअरला विमानं आली गं, बाबांनी मला खाटेखाली ढकललं." वॉल्टेअर म्हणजे विशाखापट्टणम. त्यांचे वडील तिथे रेल्वेत होते. तारीख त्यांना आठवत नाही. ती मी शोधली: ६ एप्रिल १९४२.

विमानं ‘र्‍यूजो’ या जपानी विमानवाहू जहाजावरची. ताफ्याचा प्रमुख जिसाबुरो ओझावा. त्याच दिवशी काकीनाड्यावरही बॉम्ब पडले, आणि बंगालच्या उपसागरात वीसेक व्यापारी जहाजं बुडाली.

मग मी या माणसाच्या मागेच लागले. मूळचा टॉर्पेडोवाला, पण विमानवाहू जहाजं एकत्र वापरा, असं बाकीच्यांच्या आधी सांगणारा. आणि नशीब बघा! ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सजवळ लेयतेच्या लढाईत त्याच्या वाट्याला चार विमानवाहू जहाजं आली, पण विमानं जेमतेम शंभरेक. काम काय, तर आमिष होऊन अमेरिकन ताफ्याला लांब ओढायचं, म्हणजे दुसऱ्या जपानी ताफ्याला, कुरिताच्या, वाट मोकळी. अमेरिकेचा अॅडमिरल हॉल्सी फसलाही, ताफा घेऊन उत्तरेला धावला. ओझावाची चारही जहाजं बुडाली. तिकडे कुरिता ऐन वेळी माघारी फिरला, म्हणजे सगळं फुकट.

मे १९४५ मध्ये उरल्यासुरल्या आरमाराचा तो प्रमुख झाला. बढती मात्र नाकारली, व्हाइस अॅडमिरलच राहिला. हे मला आवडलं, सासूबाईंना सांगू नका.

फोटो दाखवला त्यांना. चष्मा पुसून बराच वेळ बघितला.

"हाच का तो मेला? शेव सरकव इकडे."