वाडीची ताडपत्री ते गाडीचं कव्हर: आमची वाटचाल

"ऑनलाइन गाडीचं कव्हर ५०० रुपयात मिळून राहिलं भाऊ, तुमचं १८०० ला काऊन?" हा प्रश्न दुकानात रोज येतो, आणि रोज उत्तर देऊन देऊन घसा बसला म्हणून आता एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला ५०० वालं घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं, दोन महिन्यांनी आमच्याकडेच यायचं आहे.

आमचं मूळ काम गाडीच्या कव्हरचं नाहीच. बाबा वाडीला ताडपत्री शिवायचे. नागपुरातून अमरावती रोडला निघालात की वाडी लागते, ट्रान्सपोर्टवाल्यांची गोडाऊनं, ट्रकच्या रांगा, तिथं एका टिनाच्या शेडमध्ये बाबांचं सिंगरचं जुनं जड मशीन होतं. ट्रकची ताडपत्री, कळमन्याच्या व्यापाऱ्यांचा माल झाकायला ताडपत्री, आणि दिवाळीनंतर कूलरची कव्हरं, कारण नागपुरात कूलर चार महिने चालतो आणि आठ महिने झाकून ठेवावा लागतो. ते मशीन अजून आहे. मोटर मी लावली, पण चाक, बॉडी सगळं तेच. कॅनव्हासचे चार पदर एकावर एक घाला, सुई अडकत नाही. आजकालची ज्यूकी मशिनं फास्ट आहेत, आवाज कमी, धागा आपोआप कट होतो, सगळं मान्य, पण चार पदरांवर आली की कुरकुरतात.

गाडीचं कव्हर शिवायला लागलो ते एका मॅडममुळे. एका शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, आता रिटायर झाल्या, माझी मोठी बहीण त्यांच्याच शाळेतली. त्यांची पांढरी मारुती ८००, शाळेच्या उघड्या ग्राउंडवर सकाळपासून उभी. बाजारातलं कव्हर आणलं तर ते एकतर ढगळ नाहीतर आखूड. बाबांना म्हणाल्या, ट्रकला बसतं तसं माझ्या गाडीला मापात शिवून द्या. बाबांनी गाडीवर ब्राऊन पेपर टाकून, खडूनं खुणा करून फर्मा काढला. तो आमचा पहिला फर्मा. मॅडमची सवय अशी की कव्हर फाटलं की नवीन घ्यायला येताना जुनं घेऊनच यायच्या, आणि जिथं जिथं विरलं, उसवलं तिथं लाल खडूनं गोल केलेले असायचे. वही तपासल्यासारखे. "हे बघ, आरशाच्या कोपऱ्यात परत गेलं. मागच्या वेळी पण सांगितलं होतं." मी समोर उभा, मान खाली.

पण खरं सांगतो, कव्हर कुठं मरतं ते मला त्या लाल गोलांनी शिकवलं. मॅडमची गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी राहायची, तर डावी बाजू, म्हणजे पश्चिमेची, नेहमी आधी जायची, कारण दुपारनंतरचं सगळं ऊन तिकडूनच. आणि छताच्या कडेवर, आरशावर, अँटेनाच्या बुडाशी कापड घासून घासून विरतं. म्हणून आमच्या कव्हरला या जागी दुसरा पदर असतो. कंपन्यांचे इंजिनियर काय करतात मला माहीत नाही, आमची रिसर्च लॅब म्हणजे मॅडमचा लाल खडू.

मग आलं २०१२. एप्रिलच्या शेवटी सुप्रीम कोर्टानं गाड्यांच्या काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. काच कंपनीतूनच पुढं-मागं ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के आरपार दिसणारी पाहिजे, आणि वरून कसलीच फिल्म लावायची नाही, असा तेव्हाचा हुकूम. बरं, हे केव्हा, तर ऐन उन्हाळ्यात. ट्रॅफिकवाले चौकाचौकात ब्लेडनं फिल्म खरडून राहिले आणि लोक आमच्याकडे धावत आले. सनशेड द्या, कव्हर द्या, काहीतरी द्या. त्या सीझनला आम्हाला जेवायला वेळ नव्हता. दोन ज्यूकी कर्जावर घेतल्या, पोरं वाढवली, शेजारचा गाळा भाड्यानं घेतला. बाबा म्हणत होते सावकाश घे, पण ऑर्डर दारात उभी असताना सावकाश कसं घेणार?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते.

२०१३ च्या सीझनसाठी कापड मोठ्या प्रमाणात घ्यायचं होतं. आपलं नेहमीचं १९० टी, म्हणजे एका इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे, पॉलिस्टर टाफेटा, एका बाजूनं सिल्व्हर कोटिंग. सुरतकडची एक पार्टी, नाव नाही घेत, आधी त्यांच्याकडून माल घेतलेला, चांगला निघालेला. सॅम्पल पाठवलं ते उत्तम. थान आले ते दिसायला सेम टू सेम, वजनही तेच, चमकही तीच. आम्ही कापलं, शिवलं, होळीपासून विकायला लागलो. एप्रिल गेला, काही नाही. मे उजाडला आणि तपन वाढली. ज्यांना तो मे आठवतो त्यांना सांगायला नको, २३ मे ला नागपूरचं तापमान ४७.९ गेलं होतं. आणि त्याच आठवड्यात पहिली गाडी आली, काळी वेर्ना. मालक उतरला, काही बोललाच नाही, नुसतं बोट दाखवलं. छतावर, बॉनेटवर राखाडी चट्टे. कव्हरचं कोटिंग वितळून पेंटला चिकटलं होतं.

सिल्व्हर कोटिंग म्हणजे काय तर ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा बाइंडर. बाइंडर चांगला असला तर वर्षानुवर्षं टिकतो. हलका असला, पातळ केलेला असला, तर तापला की चिकट होतो, आणि खाली काळं पेंट तापलेलं, वरून ऊन, कापड मधे इस्त्रीखाली दाबल्यासारखं. ज्या गाड्या सावलीत होत्या त्यांना काही झालं नाही. उघड्यावरच्या, त्यातही गडद रंगाच्या, त्यांचंच वाटोळं. म्हणजे ज्या माणसाला कव्हरची सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात जास्त नुकसान. नवतप्याच्या त्या नऊ दिवसांत तर रोज सकाळी शटर उघडायच्या आधी बाहेर गाड्या उभ्या.

पार्टीला फोन केला. आधी म्हणाले फोटो पाठवा. पाठवले. मग म्हणाले कव्हरचा तुकडा कुरियर करा. केला. मग उत्तर काय, तर "आपके यहाँ गर्मी ज़्यादा है." अरे बापा! उन्हासाठीच बनवलेलं कापड आणि उन्हात टिकलं नाही तर दोष उन्हाचा? हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. नंतर फोन उचलणंच बंद केलं. बिल होतं, चलन होतं, पण कोर्टात जायला पैसा आणि वेळ दोन्ही लागतं, आणि त्या वेळी पैसा-वेळ सगळा लोकांच्या गाड्या पुसण्यात जात होता.

कारण आम्ही पळालो नाही. वाडीतलाच एक डेंटिंग-पेंटिंगवाला हाताशी धरला, त्यानं एकेक गाडी रबिंग कंपाउंड मारून, पॉलिश करून दिली, खर्च आमचा. ज्यांचे डाग तेवढ्यानं निघाले नाहीत त्यांचं बॉनेट रंगवून दिलं. विकलेली कव्हरं परत घेतली, कुणाला रोख, कुणाला हप्त्यानं. शेजारचा गाळा सोडला, एक ज्यूकी विकली, आमचा टाटा एस विकला. बाबा शब्दानं बोलले नाहीत, आणि बोलले असते तर बरं झालं असतं. बाजारात मात्र लोकांनी आमचं नाव "चिकटवाले" पाडलं. अजूनही इतवारीतला एखादा जुना दुकानदार हसत हसत म्हणतो, आणि मी पण हसतो, पण मला काही हसू येत नाही.

त्याच दिवसांत मॅडम आल्या. त्यांचं कव्हर आधीच्या थानातलं, त्याला काही झालं नव्हतं. दुकानात तीन-चार जण भांडत होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी शिलाई कुठं उसवली का यात?" मी म्हटलं नाही मॅडम. "मग शिलाईचं काम घे. कापड दुसऱ्याचं लागत नाही असं काम बघ." आणि शाळेच्या सायकल स्टँडवर हिरवी शेडनेट टाकायची ऑर्डर दिली, अर्धे पैसे ॲडव्हान्स. शेडनेट आम्ही तोवर कधी केली नव्हती. संत्र्याच्या रोपवाटिकेवर असते ती, एचडीपीई प्लॅस्टिकची, तिच्यात उन्हानं कुजू नये म्हणून यूव्ही स्टॅबिलायझर असतं, त्यामुळे कोटिंग निघायचा प्रश्नच नाही. आम्ही फक्त कडा दुमडून पट्टी शिवायची, आयलेट ठोकायचे, दोरी ओवायची. ते सायकल स्टँड बघून दुसऱ्या शाळेनं पार्किंगला करून घेतलं, मग एका हॉस्पिटलनं. असं करत करत उभे राहिलो.

तेव्हापासून आमच्या गच्चीवर झेनचं एक जुनं काळं बॉनेट पडलेलं असतं, भंगारातून आणलेलं. नवीन थान आला की तुकडा कापायचा, बॉनेटवर कोटिंग खाली करून टाकायचा, वर वाळूची पिशवी, आणि उन्हात सोडून द्यायचा. मग पार्टी काहीही सांगो, आमचं बॉनेट जे सांगेल ते फायनल.

त्यानंतरच्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. काम होतं, पैसे यायचे, हप्ते गेले. २०२० चा सीझन लॉकडाऊननं पूर्ण खाल्ला, मास्क शिवले, सगळ्यांनीच शिवले.

मधे आमच्या कटिंग मास्टरनं वेगळं दुकान टाकलं. टाकू दे, कुणालाही मोठं व्हायचा हक्क आहे. पण जाताना फर्मे घेऊन गेला. ब्राऊन पेपरचे, एकेका मॉडेलचे, वर्षानुवर्षं गाड्यांवर वाकून काढलेले. मी पोलिसात जाणार होतो, बाबा म्हणाले कागदाची काय तक्रार करतो. दुकानही कुठं टाकलं, तर आमच्याच रोडवर, बोर्डावर "कस्टम फिट स्पेशालिस्ट". पण देव आहे. २०१८ ला नवीन स्विफ्ट आली, आकार बदलला, मागच्या दाराचं हँडल वर काचेजवळ गेलं, आणि हा गडी जुन्या स्विफ्टच्याच फर्म्यावर कापत बसला. मागून कव्हर वर उचललं जायचं, वारा शिरायचा, फुगा व्हायचा. ते गिऱ्हाईक परत आमच्याकडे. फर्मा चोरता येतो हो, गाडीवर वाकायची सवय चोरता येत नाही. आजही समोर दिसला की नमस्कार करतो, मीही करतो. फर्मे काही परत केले नाहीत.

आणि २०२४ च्या मे अखेरीला आपल्या नागपूरच्या एका ऑटोमॅटिक वेधशाळेनं ५६ डिग्री दाखवलं होतं, आठवतं ना? सेन्सर बिघडलेला होता, हवामान खात्यानं नंतर सांगितलंही, पण तोवर दुकानात लोक विचारून राहिले, "५६ ला चालेल असं आहे का?" मी म्हटलं, भाऊ, ५६ ला गाडीपेक्षा तुम्हालाच कव्हर लागेल.

आता थोडं कामाचं सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. बंद गाडी तापते ती काचेमुळे. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि त्यांची उष्णता काच बाहेर सोडत नाही. बाहेर ४५ असेल तर आत ६५ सहज, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासातच चढतं. काच दोन बोटं खाली ठेवून काही होत नाही, आणि म्हणून लेकराला "पाच मिनिटात येतो" म्हणून गाडीत ठेवू नका, कव्हर विकणारा माणूस सांगून राहिला म्हणून तरी ऐका. कव्हर काचेवर ऊन पडूच देत नाही, एवढंच त्याचं काम, ते काही एसी नाही. धुळीच्या गाडीवर कव्हर टाकू नका, आधी फडकं मारा, नाहीतर वाऱ्यानं कापड हलतं आणि खालची धूळ पॉलिश पेपरचं काम करते, कोराडी, चंद्रपूरकडच्या वीजकेंद्रांच्या राखेत तर विचारूच नका. पोटाखालचा बेल्ट लावा, लोक बेल्ट लावत नाहीत आणि मे मधलं संध्याकाळचं वादळ आलं की कव्हर शेजारच्या कडुनिंबावर. गाडी चालवून आणल्या आणल्या टाकू नका, सायलेन्सरला लागलं की भोक. पावसाळ्यात हेच कव्हर ओलं तसंच ठेवलं की आत दमटपणा धरतो, तेव्हा ते वाळवा, घडी करा आणि दसऱ्यानंतर काढा. आणि शिलाईचा धागा कोणता ते दुकानदाराला विचारा. नायलॉन ओढून बघायला मजबूत लागतो पण उन्हात लवकर मरतो, पॉलिस्टर टिकतो. दुकानदार गोंधळला की समजून जा.

५०० वाल्यात यातलं काहीच नसतं. एकेरी शिलाई, आरशाला खिसा नाही, मापात फक्त "हॅचबॅक" आणि "एसयूव्ही". क्रेटा पण एसयूव्ही आणि फॉर्च्युनर पण एसयूव्ही, एक कव्हर दोघींना कसं बसेल तुम्हीच सांगा.

ऑर्डर द्यायची तर होळीच्या आधी द्या, गुढीपाडव्यानंतर आमच्याकडे थांबावं लागतं, आणि मग फोनवर चिडू नका. मॅडमचं कव्हर मात्र मधे घुसवतो, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, आता त्यांच्याकडे वॅगन आर आहे आणि लाल खडू तोच आहे. फोनवर नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, गाडी घेऊनच या, अँटेना शार्क फिनची आहे का दांडीची, कॅरियर लावलंय का, आरसे मिटतात का, हे बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. रविवारी बंद.