फळे-भाज्या धुताना

कलिंगडाची साल आपण खात नाही म्हणून ते न धुताच कापले जाते, पण सालीवरची माती आणि जंतू सुरीच्या पात्याबरोबर थेट गरात उतरतात. म्हणून सोलायची फळेसुद्धा कापण्याआधीच धुतली पाहिजेत. आधी स्वतःचे हात साबणाने 20 सेकंद धुवावेत. फळांना मात्र साबण लावू नये, कारण सालीच्या सूक्ष्म छिद्रांतून तो आत मुरू शकतो. वाहत्या पाण्याखाली चोळणे पुरेसे असते आणि बटाटा, गाजर यांना मऊ ब्रश लावावा.

खरी चिकाटी लागते ती पालेभाजीला. देठ कापून पाने सुटी करावीत, मोठ्या पातेल्यात पाण्यात हलवावीत आणि माती तळाशी बसल्यावर पाने वरून अलगद उचलून घ्यावीत. पातेले चाळणीत उपडे केले, तर तीच माती पुन्हा पानांवर येते. पाणी नितळ दिसेपर्यंत हे करावे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने सालीवरची काही कीटकनाशके निघतात, पण आत शिरलेली निघत नाहीत. शेवटी स्वच्छ फडक्याने कोरडे पुसावे. स्ट्रॉबेरी मात्र खायच्या वेळीच धुवावी, ओली ठेवल्यास तिला लवकर बुरशी येते.