मांगरातला रास्पबेरी पाय आणि न सापडणारी लायब्ररी

देवगडला आमच्या काकांच्या मांगरात (शेतावरच्या शेडमध्ये) दरवर्षी आंब्याची अढी लागते. भाताचा पेंढा, त्यावर हापूस, परत पेंढा. अढी किती तापली हे काका पेंढ्यात हात घालून सांगतात. गेल्या वर्षी ऐन हंगामात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि काही दिवस त्यांना मांगरात उतरता येणार नव्हतं. म्हणून मी अढीत तापमानाचे सेन्सर सोडायचं ठरवलं: रास्पबेरी पाय ४ चा बोर्ड (तळहाताएवढा छोटा संगणक), डीएस१८बी२० जातीचे चार सेन्सर, आणि दर पाच मिनिटांनी आकडा वाचून एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलीत टाकणारा, सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम. सेन्सरकडून आकडा अंशाच्या हजाराव्या भागात येतो: ३१२५० म्हणजे ३१.२५ अंश.

प्रोग्राम मी इंटेलच्या लॅपटॉपवर, डेबियन लिनक्सवर लिहिला. तिथे सगळं सुरळीत. बोर्डावर सोर्स नेला, मेक (प्रोग्राम बांधणारी कमांड) चालवलं, आणि कंपाइल सुरू व्हायच्या आधीच माझी तपासणीची स्क्रिप्ट थांबली: एसक्यूलाइटची लायब्ररी (तयार कोडची फाइल) सापडत नाही.

मला पटेना, कारण त्याच बोर्डावर पायथनमधून एसक्यूलाइट व्यवस्थित चालत होतं. शोधल्यावर लायब्ररी दिसली, पण तिच्या नावाच्या शेवटी डॉट-एसओ-डॉट-शून्य होतं. चालणाऱ्या प्रोग्रामला हे आकडा लावलेलं नाव पुरतं. लिंकर (कंपाइल करताना प्रोग्रामला लायब्ररी जोडणारं साधन) मात्र बिनआकड्याचं डॉट-एसओ मागतो, आणि ती लिंक, सोबतची हेडर फाइल, दोन्ही वेगळ्या 'डेव्ह' पॅकेजमध्ये येतात. लॅपटॉपवर ते पॅकेज कधीतरी टाकलेलं होतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न आलाच नव्हता. मांगरात रेंज नाही. फोन खळ्यातल्या तुळशीपाशी ठेवला, हॉटस्पॉट लावला आणि पॅकेज उतरवलं.

तरीही तीच एरर. कारण स्क्रिप्टमध्ये मी लायब्ररीचा पाथ (फोल्डरचा पत्ता) हाताने लिहिला होता: यूएसआर, लिब, आणि पुढे एक्स८६-६४ वालं, म्हणजे इंटेलचं, फोल्डर. डेबियनमध्ये (बोर्डाची सिस्टीमही त्यावरच बेतलेली) प्रत्येक आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या जातीच्या, लायब्रऱ्या आपापल्या नावाच्या फोल्डरात राहतात. याला मल्टिआर्च म्हणतात, आणि २०१३ च्या डेबियन ७ पासून ही पद्धत आहे. मग वाटलं, सोपं आहे, मशीनलाच तिचं नाव विचारू. 'यूनेम -एम' चालवलं, उत्तर आलं एआर्च६४, म्हणजे ६४ बिटचं आर्म. त्यावरून पाथ बनवला. त्या नावाचं फोल्डरच तिथे नव्हतं!

यावर माझी अख्खी दुपार गेली. काकू दोनदा दारात येऊन गेली, "होवक नाय काय अजून? जेवक ये आधी." जेवून आल्यावर मी लिब फोल्डर नुसतं डोळ्यांनी वाचलं, तेव्हा उलगडा झाला. तिथे ३२ बिटच्या आर्मचं फोल्डर होतं, नावाच्या शेवटी एचएफ, म्हणजे हार्ड फ्लोट (दशांशांचं गणित प्रोसेसरवरच). 'यूनेम' सांगतं ते कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं. पाय ४ वर ३२ बिटची सिस्टीम टाकली तरी २०२३ पासून बूट होताना ६४ बिटचं कर्नल चढतं. कर्नल ६४ चं, पण वरचे सगळे प्रोग्राम, सगळ्या लायब्रऱ्या आणि कंपायलरसुद्धा ३२ चा. पॅकेजं सांभाळणाऱ्या डीपीकेजीला 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' विचारलं तेव्हा आर्मएचएफ असं उत्तर आलं. कंपायलरला 'जीसीसी -प्रिंट-मल्टिआर्च' विचारलं तर थेट त्या फोल्डरचंच नाव.

पण मग मला ते नाव तरी कशाला हवं होतं? लायब्ररी कशी जोडायची ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिग नावाचं साधन असतं. त्याला एसक्यूलाइट कसं जोडायचं विचारलं, तर त्याने पाथ दिलाच नाही, फक्त लायब्ररीचं नाव दिलं. स्वतःच्या आर्किटेक्चरचं फोल्डर कंपायलरला आधीपासून ठाऊक असतं. मी तपासणीची स्क्रिप्ट काढून टाकली आणि मेकफाइलमध्ये पीकेजी-कॉन्फिगची एक ओळ घातली. वेंगुर्ल्याचा माझा मित्र फेडोरा हे दुसरं लिनक्स वापरतो, तिथे ६४ बिटच्या लायब्रऱ्या लिब६४ मध्ये असतात. त्याच्याकडेही तीच ओळ न बदलता चालली.

यंदा शेजारच्या मांगरात दुसरा बोर्ड लावायचा होता, त्यावर पूर्ण ६४ बिटची सिस्टीम. उन्हात पत्र्याखाली बसायला नको म्हणून घरी लॅपटॉपवरच त्याच्यासाठी क्रॉस कंपाइल (एका जातीच्या मशीनवर दुसऱ्या जातीसाठी कंपाइल) करायला घेतलं. इथे पीकेजी-कॉन्फिग 'लायब्ररी आहे' म्हणालं आणि लिंकर 'नाही' म्हणाला. दोघांचंही खरं होतं. पीकेजी-कॉन्फिग लॅपटॉपच्या फोल्डरात बघत होतं. लिंकरला तिथली इंटेलची लायब्ररी दिसली तरी त्याच्या उपयोगाची नव्हती, 'जुळत नाही म्हणून सोडतोय' असं त्याने स्पष्ट लिहिलंही होतं. ती ओळ एररच्या वर असते आणि घाईत नजरेतून सुटते, म्हणून मी हल्ली एरर वरून खाली वाचतो. डीपीकेजीला आर्म६४ (एआर्च६४ चंच डेबियनमधलं नाव) हे परकं आर्किटेक्चर जोडलं, त्याचं डेव्ह पॅकेज टाकलं. ते इंटेलवाल्याच्या शेजारी, आपल्या फोल्डरात जाऊन बसलं. मग पीकेजी-कॉन्फिग-लिबडिर या व्हेरिएबलमध्ये आर्म६४ चं फोल्डर दिलं. इथे त्याचं दुसरं, पीकेजी-कॉन्फिग-पाथ हे व्हेरिएबल पुरत नाही, कारण ते आपलं फोल्डर फक्त यादीत पुढे ठेवतं आणि लॅपटॉपची जुनी फोल्डरं मागे तशीच राहतात. लिबडिर ती यादीच बदलून टाकतं.

कंपाइल झालं. 'फाइल' कमांडने बायनरी तपासली: ६४ बिट, आर्म, एआर्च६४. संध्याकाळी पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या मांगरात नेली आणि चालवली. पाच मिनिटांनी फाइलीत पहिली ओळ पडली, २९८७५. काका काठी टेकत आले होते. त्यांनी पेंढ्यात हात घातला आणि म्हणाले, "बरोबर असा."