काड्यापेटीतली हिरवी हुमणी

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात फिल्डमन आहे. माझा गट कर्नाटकातल्या सीमाभागात, सदलग्याच्या आसपास, दूधगंगेच्या काठाला. लागणीच्या नोंदी, तोडीची भांडणं हे रोजचंच. पण श्रावणातल्या त्या बैठकीत जे झालं ते रोजचं नव्हतं.

हुमणीनं, म्हणजे मातीत राहून उसाची मुळं खाणाऱ्या अळीनं, सगळ्यांना बेजार केलं होतं. ऊस पिवळा पडायचा आणि नुसता ओढला की हातात यायचा, खाली मुळंच शिल्लक नसायची. धारवाड कृषी विद्यापीठातून एक तरुण शास्त्रज्ञ आले. भाषण कन्नडमध्ये, समोर निम्मी माणसं मराठी. कन्नड सगळ्यांना येतं, पण बाजारापुरतं. मोठ्या झालेल्या अळीवर औषध का चालत नाही, हे समजायला तेवढं पुरत नाही. माणसं माना डोलवत होती. आमच्याकडं मान डोलली म्हणजे कळलं असं धरायचं नसतं. म्हणून मी मधे उभा राहून थोडं थोडं मराठीत सांगायला लागलो. साहेबही म्हणाले, प्रश्न मराठीतच येऊ देत.

तशी मागनं एका मामांनी खिशातनं काड्यापेटी काढली.

"साहेब, ही मेलीया, पण औषधानं न्हवं. मी औषध टाकलंच न्हाई."

आत कापसावर वाकडी अळी, कडक झालेली, अंगावर हिरवी भुकटी. साहेबांनी ती उजेडाकडं धरली आणि भाषण तिथंच थांबलं. ही मेटारायझियम बुरशी. अळीच्या अंगात शिरते, मेल्यावर आधी पांढरी दिसते, मग हिरवी.

मामा पुढं बोलले, "ओढ्याकडच्या पट्ट्यात सापडत्यात. शेणखत तिथंच घातलंय. वरच्या माळाला एक न्हाई."

आता साहेबच विचारायला लागले. खत किती कुजलेलं होतं? पाणी कधी पाजलं? मी इकडचं तिकडं करत राहिलो. तेवढ्यात एक कन्नड अण्णा उठले. त्यांनी याच बुरशीची पाकिटं आणून टाकली होती, गुण काही आला नव्हता. साहेबांनी विचारलं, कोरड्या रानात टाकली का? "हौद्री सर," म्हणजे होय. मग उलगडा झाला. बुरशीला ओल लागते. कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल आणि अळी लहान असताना द्यायची. बुरशीनाशकाबरोबर अजिबात नाही. मामांच्या पट्ट्यात हे आपोआप जमून आलं होतं.

मग एक वहिनी बोलल्या. त्यांचं माहेर शिरोळकडचं. वळवाचा पाऊस पडला की तिथं संध्याकाळी गावच्या गाव लिंब आणि बाभळी हलवतं, खाली पडलेले भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच मोठे झालेले किडे, रॉकेलच्या पाण्यात टाकतात. एक मादी साधारण ५०-६० अंडी घालते, म्हणजे भुंगेरा मारला की पुढची सगळी पिलावळ गेली. हे मी कन्नडमध्ये सांगितलं. साहेब म्हणाले, आमचीही शिफारस हीच आहे, पण एकट्यादुकट्यानं करून भागत नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्या भागात भाषा म्हटलं की मोर्चा आणि पाटी आठवते. तो प्रश्न आहेच, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण महाराष्ट्रातलं राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र यांचं मराठीतनं आणि धारवाडचं कन्नडमधनं, असं दोन्हीकडचं ज्ञान एका मांडवात येतं, हा आमचा फायदा आम्हीच कधी मोजला नाही. तात्सुया अमानो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जैवविविधता जपण्यावरचं इंग्रजीबाहेरचं संशोधन धुंडाळलं, तर १६ भाषांत उपयोगी असे १,२३४ अभ्यास निघाले. मला नवल वाटलं नाही. मामांच्या ओढ्याकडच्या पट्ट्याबद्दल तर कुठल्याच भाषेत काही लिहिलेलं नव्हतं.

साहेब काड्यापेटी धारवाडला घेऊन गेले. त्याआधी पत्रक दोन्ही भाषांत काढायचं आणि वळवानंतर सगळ्या गावानं मिळून झाडं हलवायची, असं ठरलं. मग रॉकेल आता मिळतं कुठं, डिझेल घ्यायचं तर पैसे कुणी द्यायचे, यावर वाद सुरू झाला तो संपेना. शेवटी डिझेल कारखान्यानं द्यावं असा ठराव झाला. त्याचं भाषांतर मला कुणी करायला लावलं नाही.